वगळलेल्या नऊ नोंदी

पडताळणी विभागात तिला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. तिचं कामच ते. गावोगावच्या दवाखान्यांतून आरोग्याचे आकडे यायचे आणि वर साहेबांकडे जाण्याआधी तिच्या टेबलावरून जायचे. आकडा फार गोल दिसला की तिचा डावा डोळा बारीक व्हायचा. एका दवाखान्यातून सलग तीन महिने बरोबर चाळीस मुलांना लस दिल्याचं आलं, तेव्हा ती न कळवता तिथे जाऊन थडकली आणि दाराचं गंजलेलं कुलूप बघून परत आली. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं काही येईनासं होतं. नवरा म्हणायचा, आमच्या लग्नाच्या वेळी हिने माझ्याआधी माझा जन्मदाखला पाहिला. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

अशा बाईच्या हाती शेजारच्या देशाचे आकडे दिले, मग काय विचारता.

झालं असं होतं, की दोन्ही सरकारांनी मिळून एक संयुक्त पुरावा समिती नेमली होती. कल्पना चांगली होती. एकाने केलेली चूक दुसऱ्याने पुन्हा करू नये. धोरण ठरवण्याआधी आपापला अनुभव आकड्यांसकट एकमेकांसमोर मांडावा. भाषा दोन्हीकडची एकच, सुराचा काय तो फरक. पहिलाच विषय निघाला डोंगरातल्या बाळंतखोल्यांचा. इकडे डोंगरात अशा चौदा खोल्या होत्या. खोली म्हणजे खरोखरच एक खोली, दोन खाटा, एक नर्स आणि दाराशी एक गाडी. पलीकडच्यांनी आपल्या अशाच खोल्या सहा वर्षांपूर्वी बंद करून बायकांना मोठ्या रुग्णालयात न्यायला सुरुवात केली होती. त्यांचा पुरावा सांगत होता, की त्यानंतर नवजात बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

हे इकडच्या सचिवसाहेबांना झोंबलं. कारण आपल्या चौदा खोल्यांच्या तक्त्यात मृत्यूंच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता: निरंक. कळवण्यासारखं काही नसलं की हा शब्द लिहायचा आणि कागद पुढे ढकलायचा, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी रीत. निरंक लिहिलं की वरचा खूश, खालचा मोकळा. साहेब म्हणाले, आमच्याकडे एकही बाळ दगावत नाही आणि आम्ही खोल्या बंद करायच्या? तेही ज्यांच्याकडे एवढी दगावत होती त्यांच्या सांगण्यावरून? कुठेतरी पाणी मुरतंय, बाई. शोधून काढा.

बाईंना सांगायची गरजच नव्हती. त्या चौदांपैकी एक खोली, सरहद्दीच्या अगदी कडेची, तिच्या धाकट्या बहिणीची होती. धाकटी तिथे बावीस वर्षं नर्स होती. लग्न केलं नाही, बदली मागितली नाही. खोलीच्या मागच्या दीड खोल्यांच्या घरात राहायची आणि रात्री दार वाजलं की चपला न शोधता उठायची. आसपासच्या गावांतली पोरं तिला मावशी म्हणत, कारण जवळजवळ सगळीच तिच्या हातांवर जगात आली होती. समितीने पलीकडचा पुरावा मान्य केला तर ही खोली बंद होणार होती, आणि धाकटीला शहरातल्या एखाद्या वॉर्डात, कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी, निवृत्तीची वाट बघत बसावं लागणार होतं. हा विचार चाळणीला सहन होत नव्हता. आपण म्हणून तर एवढे डोळे वटारत नाही ना, असा संशय तिला स्वतःचाही आला होता. पण तेवढा एक संशय तिने पुढे तपासला नाही.

पलीकडच्या बाजूने एक डॉक्टर हे काम बघत होते. त्यांची पत्रं सरळ आणि नम्र, आणि तिच्या मते म्हणूनच धोक्याची. तिने मूळ नोंदवह्यांच्या प्रती मागितल्या, आठ दिवसांत आल्या. गाड्यांच्या फेऱ्यांचा तपशील मागितला, तोही आला. मग खोडसाळपणाने रुग्णालयाची झाडलोट करणाऱ्यांच्या हजेरीचे कागद मागितले, तर तेही आले, वर दिलगिरी, की एका महिन्याची प्रत जरा अस्पष्ट निघाली आहे. मागितलेलं इतक्या मुकाट्याने कोण देतं? तिच्या तीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं. खऱ्या माणसाला कागद शोधायला वेळ लागतो, असं तिचं मत होतं. तयार कागद खोट्याचे असतात.

महिनाभर ती त्या आकड्यांभोवती घिरट्या घालत राहिली. बेरजा जुळत होत्या, तारखा जुळत होत्या, आणि जितकं जुळत होतं तितकी ती चिडत होती. मग एका दुपारी तिसऱ्या तक्त्याखाली, चष्मा लावूनही चुकेल अशा बारीक अक्षरात, एक तळटीप सापडली: 'सीमेलगतच्या रुग्णालयातील नऊ मृत्यूंच्या नोंदी वगळल्या आहेत.' का वगळल्या, याबद्दल अवाक्षर नाही. तिने ताबडतोब ओळखलं. नऊ बाळं तळटिपेत पुरून यांनी वरचा तक्ता गोरा केला होता. तिला इतका आनंद झाला की तिने स्वतःसाठी दुसरा चहा मागवला. चहा येईपर्यंत, आपण नऊ बाळांच्या मरणावर खूश होतोय हे लक्षात येऊन तिला लाज वाटली. पण साहेबांना फोन केलाच. साहेब म्हणाले, जा, वह्या आपल्या डोळ्यांनी बघून या. परवाच्या बैठकीत त्यांना तोंडघशी पाडू.

पलीकडचं रुग्णालय सरहद्दीच्या चौकीपासून दहा मिनिटांवर होतं. डॉक्टर दाराशीच उभे होते. उंच, किंचित वाकलेले, अंगात कोपराला रफू केलेला स्वेटर. त्यांनी आधी तिला शेजारचं मुक्कामघर दाखवलं. डोंगरातल्या बायका दिवस भरत आले की पंधरा दिवस आधीच तिथे येऊन राहायच्या. खोल्या बंद करण्याच्या आधी आम्ही हे बांधलं, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, पण तिचं लक्ष भिंतीच्या रंगाकडे होतं. आपण येणार म्हणून ताजा तर मारला नाही? तिने खाटा मोजल्या, बोटाने खिडकीवरची धूळ पाहिली, आणि डॉक्टरांचा डोळा चुकवून तिथल्या एका गरोदर बाईला विचारलं, की तू आजच आलीस का. ती म्हणाली, बारा दिवस झाले, आणि जीव कंटाळलाय. हे पढवलेलं वाटत नव्हतं.

मग ती मुद्द्यावर आली. त्या नऊ नोंदी बघायच्या आहेत, म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा घातला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी द्यायला वेळ लावला होता. चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली.

"त्या तुम्ही एकट्याने बघितल्यात तर बरं," डॉक्टर म्हणाले. "मी बाहेर थांबतो."

नोंदवह्यांची खोली लांबट होती, एकच खिडकी, आणि टेबलावर कापडी पुठ्ठ्याची वही आधीच काढून ठेवलेली. काढून ठेवलेली वही म्हणजे तयार केलेली वही. तिने आधी वाचलं नाहीच. पान शिवणीतून आलंय की मागून डकवलंय ते अंगठ्याने चाचपून पाहिलं. छापील पृष्ठक्रमांक पाहिले. मागच्या-पुढच्या नोंदींची शाई आणि अक्षर ताडून पाहिलं. वही खरी होती. सहा वर्षांत हळूहळू, वेगवेगळ्या हातांनी भरलेली, कडा मळलेली खरी वही. मग तिने 'आणतेवेळी मृत' या मथळ्याखालची पहिली नोंद वाचली, आणि गावाच्या नावाशी थांबून पुन्हा वाचली.

गाव पलीकडच्यांचं नव्हतंच. तिच्या देशातलं होतं, धाकटीच्या खोलीहून दोन वळणं वर. दुसरी नोंद त्याच खोऱ्यातली. तिसरीही. नऊच्या नऊ बाळं तिच्याच देशातली होती, आणि 'कुठून पाठवले' या रकान्यात नऊ वेळा धाकटीच्या खोलीचं नाव होतं.

आपलं मोठं रुग्णालय त्या डोंगरातून चार तासांवर, आणि हे पलीकडचं एका तासावर. अडलेली बाई गाडीत असली की चौकीवरचे शिपाई गाडी अडवत नसत. सगळ्या डोंगराला ही गोष्ट माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त कागदांना, आणि कागदांवर जगणाऱ्या तिला.

डॉक्टर आत आले तेव्हा त्यांच्या हातात एक फाइल होती. ते उभ्याउभ्याच बोलले. ही बाळं त्यांच्या देशातली नव्हती, म्हणून त्यांना आपल्या तक्त्यात धरता येत नव्हती. कोणाची ते तळटिपेत लिहिलं असतं तर शेजाऱ्याकडे बोट दाखवल्यासारखं झालं असतं. म्हणून त्यांनी इकडच्या कचेरीला पत्र लिहून विचारलं होतं, की तुमच्याकडची बाळं वाटेत दगावल्याच्या काही नोंदी आहेत का. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं. फाइलमध्ये तिन्ही उत्तरं होती, एकेका शब्दाची, आणि तिन्हींखाली तिचीच सही होती.

"आमच्याकडे हा शब्द वापरत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "निरंक. मी कोशात पाहिला. 'काही नाही' असा अर्थ दिलाय. पण काही घडलं नाही, की कुणी पाहिलं नाही, ते कोशात नव्हतं."

टोमणा असेल म्हणून तिने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता. माणूस खरोखर अर्थ विचारत होता.

परतताना तिने गाडी धाकटीच्या गावाकडे वळवायला सांगितली. वाटभर ती आतून धुमसत होती. संशयाला एकदा सवय लागली की तो रिकामा बसत नाही. पलीकडच्या डॉक्टरवरून उठला तो थेट बहिणीवर जाऊन बसला. हिने लपवलं. खोली वाचावी म्हणून, नाव राहावं म्हणून लपवलं. आपण जगाच्या मापात पाप शोधत हिंडलो, आणि दिव्याखालीच अंधार. तीन पत्रांवर आपण डोळे मिटून सही केली, कारण ती वही धाकटीची होती. दुसऱ्या कुणाची असती तर वर्षानुवर्षं निरंक बघून आपण तिथे जाऊन थडकलो नसतो का?

धाकटी स्टोव्हवर कात्र्या आणि चिमटे उकळत होती. दोन्ही खाटा रिकाम्या, चादरी ताणून घातलेल्या, बाळाचं वजन करायच्या तागडीत घडी घातलेलं मऊ फडकं. ताईला बघून तिचा चेहरा उजळला. ताईने पाणीसुद्धा घेतलं नाही. वही मागितली, उघडली, आणि धाकटीच्या सुरेख अक्षरातला तो शब्द पानामागून पान बघत गेली.

"नऊ बाळं कुठे आहेत?" तिने विचारलं.

धाकटीने स्टोव्ह बंद केला. कुठली नऊ, असं तिने विचारलं नाही. "गाडीत," ती म्हणाली. "इथे कुणी दगावलं नाही, ताई. ज्यांचं इथे निभायचं नाही असं वाटलं, त्यांना मी गाडीत घालून खाली नेलं. कितीतरी वाचली. ही वाटेत गेली."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कुठे लिहू? गाडीला वही नाही. आणि खालचं रुग्णालय आपलं नाही."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "पहिलं गेलं तेव्हाच. मी फोन केला, तू घाईत होतीस. तू विचारलंस, तुझ्या खोलीत झालं का? मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, मग निरंक लिहून पाठव, माझा तक्ता अडलाय."

चाळणीला तो फोन आठवेना. तिने धाकटीच्या बोलण्यात खोट शोधून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती सापडावी म्हणून ती मनापासून धडपडत होती. सापडली नाही. 'माझा तक्ता अडलाय' हे वाक्य तिचंच होतं. दर महिन्याला ती ते कुणा ना कुणाला ऐकवायची. ती खाटेच्या कडेवर बसली. तिला स्वतःची भयंकर चीड आली, आणि धाकटीचा धरलेला राग कुठे ठेवावा ते कळेना.

धाकटीने पातेल्यातलं पाणी ओतून टाकलं. मग चाळणीच्या तोंडून ते बाहेर पडलंच. डॉक्टर सभ्य गृहस्थ आहेत, म्हणाली. बैठकीत ते स्वतः हा विषय काढणार नाहीत. आपण तळटिपेबद्दल मूग गिळून बसलो तर तळटीप तळटीपच राहील. कुणाला पत्ताही लागणार नाही. खोली राहील.

धाकटीने उकळलेला एकेक चिमटा फडक्यावर मांडला. सगळे मांडून झाल्यावर ती म्हणाली, "नऊ नाहीत."

"म्हणजे?"

"अकरा आहेत. दोघींनी अर्ध्या वाटेतून गाडी माघारी वळवायला लावली. बाळ गेलंच होतं, मग परक्या मुलखात कशाला जायचं, म्हणाल्या. ती दोन खालच्या वहीतही नसतील." ती ताईसमोरच्या खाटेवर बसली. "मी सांगते, तू लिही."

तिने तारखा सांगितल्या, गावं सांगितली, आयांची नावं सांगितली. एकही कागद न बघता, अकराच्या अकरा. चाळणी लिहीत गेली, आणि मधेच तिला रडू आलं, तर धाकटी तेवढ्यापुरती थांबली आणि ताईचं लिहून व्हायची वाट बघत राहिली.

बैठकीत साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते. तळटिपेचा फटाका आता फुटणार म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर आधीच समाधान होतं. चाळणी उभी राहिली आणि म्हणाली, की वगळलेल्या नऊ नोंदी पलीकडच्यांच्या नाहीत, आपल्या आहेत. वाटेत गेलेलं बाळ कुठल्याच खोलीत धरायचं नाही, अशी आपली पद्धत पडली आहे, आणि या खोलीपुरती ती पाडणारी मी आहे. विचारणा करणारी तीन पत्रं आली होती, तिन्हींना निरंक असं उत्तर मी दिलं. आणि आकडा नऊ नाही, अकरा आहे.

साहेबांचा चेहरा पडला, मग कठीण झाला. टेबलाच्या इकडच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. बाई पलीकडे जाऊन आल्यापासून त्यांची भाषा बोलायला लागल्या. तिथे काय पाजलं कुणास ठाऊक. तिला ते स्पष्ट ऐकू आलं. तिच्या हाताखाली तयार झालेली माणसंच ती, दुसरं काय बोलणार?

"नऊचा कागद आहे, मान्य," साहेब म्हणाले. "वरच्या दोनचा पुरावा काय? कुणी सांगितलं?"

"माझ्या बहिणीने. तिथल्या नर्सने."

कुणीतरी हसलं. "बहिणीच्या तोंडी सांगण्यावर तुम्ही कधीपासून आकडे बदलायला लागलात?"

प्रश्न रास्त होता. तिच्या जागी दुसरं कुणी उभं असतं तर तिनेच तो विचारला असता, याहून कडक शब्दांत.

"कागद नाही," ती म्हणाली. "पण हा आकडा मान्य झाला तर जिची खोली बंद होणार आहे, तिनेच तो सांगितलाय. मी विचारलेलाही नव्हता."

पलीकडच्या डॉक्टरांनी समोरचा तक्ता ओढून घेतला आणि पेनाने तळटिपेतला नऊ खोडून तिथे अकरा लिहिलं, मृत्यू कुणाकडचे ते याही वेळी न लिहिता. त्यावर मग वाद झाले. बाकीच्या तेरा खोल्यांच्या निरंकमागे काय दडलंय ते नव्याने शोधायचं ठरलं, आणि ते कुणी शोधायचं यावर अर्धा तास गेला. साहेबांनी आपली बाजू पडू नये म्हणून उलट घाई केली. पुरावा मिळताच निर्णय घेणारं सरकार, असं त्यांना टिपणात हवं होतं. चार तासांनी ठराव झाला. धाकटीची खोली येत्या एक तारखेपासून बंद. तिला शहरात सामावून घ्यावं. सगळ्यांनी सह्या केल्या, चाळणीनेही केली, आणि या वेळी प्रत्येक ओळ वाचून केली.

संध्याकाळी तिने धाकटीला फोन लावला. काय बोलायचं ते तिने मनात जुळवून ठेवलं होतं: माझ्याकडे राहायला ये, वरची खोली तुझीच, तू केलंस ते मला जमलं नसतं. त्यातलं काहीच बोलायची वेळ आली नाही. धाकटीने ठराव शांतपणे ऐकून घेतला. रडली नाही, रागावली नाही.

"एक तारखेपासून?" तिने विचारलं. "माझ्याकडे एकजण आहे, पाचला तिचे दिवस भरतात. पायांना सूज आहे, पहिलटकरीण आहे. तिने कुठे जायचं, ते ठरलंय का?"

चार तासांच्या बैठकीत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, आणि प्रश्न विचारणं हेच जिचं काम, तीही त्या टेबलाशी बसलेली होती.